मळी नसलेला दगड

प्रिय एव्हर्ट भावोजी,

सिग्नेचा नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का, आणि लेकीच्या त्या पाचव्या मजल्यावर तुम्हाला झोप लागते का, ते कळवा. इकडे मी बरी आहे. नदीवरचा बर्फ गेला, डास आले, बटाटे लावून झाले. सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त घरात आवाज नाही. (रेडिओ लावते. पण रेडिओ उलट बोलत नाही.)

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आजवर लिहायचं काम तुमच्या दादांचं आणि खाली सही करायची तेवढी माझी. पण ते गेल्यापासून पहिल्यांदाच कळवण्याजोगं काही घडलं आहे. आपल्या जंगलात मला एक दगड सापडला आहे, आणि माझ्या मते तो आकाशातला आहे.

दादांचा धातू शोधायचा डिटेक्टर मी बाहेर काढला. परवाना त्यांच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करून घेतला (कचेरीतल्या मुलीने फोनवर दोनदा विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः फिरवणार?"). पहिल्या दिवशी यंत्र सारखं ओरडत होतं. जिथे उभी राहीन तिथे लोखंड. मी आनंदाने खणत सुटले. दुपारी यंत्र झाडाला टेकवून डास झटकायला बाजूला झाले, तर ते गप्प. जवळ गेले की पुन्हा ओरड. तेव्हा उमगलं, ते माझ्या बुटांवर ओरडत होतं. दादांचे कामाचे बूट, पुढे पोलादी वाटी असलेले. (मला ते बरेच मोठे होतात. का घातले, ते विचारू नका.) तेवढ्यात शेजारचा रूने आपली रेनडिअर शोधत आला आणि खड्डे बघून म्हणाला, "काय गं सिग्ने, अस्वलासाठी बिछाना घालतेस की हेल्मरला शोधतेस?" दादांचं नाव बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मग खिशातलं सुकं मांस माझ्या हातात कोंबून निघून गेला.

दुसऱ्या खेपेला रबरी बूट घातले. शिकाऱ्यांची एक चेपलेली किटली निघाली, ट्रॅक्टरचा एक बोल्ट निघाला आणि मग ओढ्याच्या वर, मुळांखाली, हा दगड. पावाएवढा, काळपट, आणि असा जड की हातगाडीतून आणावा लागला. फ्रिजवरचं चुंबक त्याला चिकटलं ते सुरीने सोडवावं लागलं. मग रेघेची परीक्षा. साधं लोहखनिज खरबरीत चिनीमातीवर घासलं तर लाल किंवा काळी रेघ सोडतं, उल्का सहसा सोडत नाही. आणि घरात तशी चिनीमाती संडासाच्या टाकीच्या झाकणाला खालच्या बाजूलाच असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. (त्यापायी दादांनी आमचं झाकण कधी जागेवर राहू दिलं नाही.) रेघ उमटली नाही! रूने कॉफीला आला तेव्हा झाकण अजून टेबलावरच होतं. "यावर चीज कापणार असशील तर मी निघतो," म्हणाला. दगड हातात घेऊन म्हणाला, "असले नदीकाठी पोत्यांनी पडलेत." पण रूनेला रेनडिअरपलीकडे काय कळतं?

हे ठरवावं तर तुम्हीच. दादांनी कुठलाही दगड टेबलावर ठेवला की तुम्ही म्हणणार, "जुन्या भट्टीत लोखंड गाळून उरलेली मळी." तो एक दगड कापून आणला आणि त्यावर आडव्यातिडव्या रेघा स्पष्ट दिसल्या, उल्केलाच येतात तशा, तेव्हासुद्धा तुम्ही म्हणालात, "मळीसुद्धा कधी कधी नटते." दादांनी टेबलावर मूठ आपटली, कप उडाले, आणि मी कॉफी पुसून पुन्हा ओतली. त्या सगळ्या वर्षांत मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मला वाटायचं, केव्हा एकदा संपतंय.

दफनानंतरच्या कॉफीला तुम्ही म्हणालात, "आता कशाला येऊ, वहिनी? भांडायला कोण उरलंय?" त्याला उत्तर म्हणून हा दगड. फोटो पाठवत नाही, फोटोत वजन कळत नाही. बस अजून गुरुवारी येते. वरची खोली झाडून ठेवली आहे.

तुमची वहिनी,
सिग्ने

ता. क. – टाकीचं झाकण रूने गेल्यावर हातातून पडून फुटलं. तुमच्याकडे मोठ्या दुकानात मिळालं तर आणा. पांढरं.

आणखी एक. – रविवारी मी दगडाचा एक कोपरा कानशीने घासला. आत बारीक बारीक बुडबुडे आहेत. आकाशातल्या लोखंडात बुडबुडे नसतात, मळीत असतात, हे तुम्हीच सांगत आला आहात. तेव्हा मला माहीत आहे. रूनेला सांगितलेलं नाही. पण भावोजी, कार्डावर "मळी" एवढंच लिहून पाठवू नका. इथे येऊन, त्या खुर्चीत बसून म्हणा. दादांची उत्तरं मला सगळी पाठ आहेत, गोठ्यात म्हणूनही पाहिली. आवाज फार हळू निघतो, आणि टेबलावर मूठ आपटायचं अजून जमत नाही. तुम्ही नेहमीपेक्षा थोडं जोरात ओरडलात, तर माझ्या तोंडून "नाही" नक्की निघेल.