पाचव्या रांगेतली कबर

४ मार्च

काकू आज पुन्हा तेच घेऊन आली. काकांच्या दगडावर खाली मोकळी जागा आहे, तिथे बाबांचंही नाव कोरू या. "सख्खे भाऊ होते गं, राहतील एका दगडावर." मी म्हटलं, नको. जो तिथे नाही त्याचं नाव तिथे कशाला? आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दोघे भाऊ एकाच रेल्वेगाडीत होते. बोगद्यातल्या त्या आगीनंतर सगळा देश आठवडाभर टीव्हीसमोर बसून होता. अजूनही दर वर्षी त्या तारखेला झेंडे अर्ध्यावर येतात, भोंगा वाजतो, लोक रस्त्यात जागच्या जागी थांबतात. काका सापडले. बाबा नाही. काकूला कबर आहे — आम्हाला भोंगा.

याला हेवा म्हणतात. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

६ मार्च

काकू कबरीशी भांडते. नळ गळतोय, घरमालक ऐकत नाही, चिमीला गणितात काठावर पास केलंय — सगळं त्या दगडाला ऐकवते आणि वर "ऐकताय ना?" असं विचारते. चिमी माझी चुलत बहीण, आगीनंतर महिन्याभराने जन्मलेली. दगडाला पाठ लावून शाळेचा डबा खाते. तिने बापाला कधी पाहिलं नाही, तरी त्याच्या अंगाखांद्यावर खेळते. मी बाबांच्या सायकलवर डबलसीट बसून वाढले, आणि मला त्यांच्याशी भांडायचं तर जाऊ कुठे?

८ मार्च, रविवार

आगीचा स्मरणदिन जवळ आला की चर्चमध्ये पाळकसाहेब येशूच्या रिकाम्या कबरीवर बोलतात. बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या, धोंड बाजूला सरकलेली, आत कोणी नाही. म्हणून आपल्याला आशा आहे.

रिकामी का होईना, कबर होती! त्या बायकांना पत्ता तरी माहीत होता.

प्रार्थनेच्या वेळी आईने काकूचा हात धरला. मी दुसऱ्या बाजूला होते. माझाही हात मोकळाच होता.

१० मार्च

आई काकांचा दगड घासायला गेली. आमच्या खिडकीच्या काचा महिनाभर तशाच आहेत.

११ मार्च

बोगद्यातले ओळख न पटलेले अवशेष मी काम करते त्याच न्यायवैद्यक लॅबमध्ये आहेत. मी नातेवाईक, म्हणून त्या खोलीची किल्ली मला नाही. नियम बरोबर आहे.

आज मोठ्या बाईंनी — आमच्या विभागप्रमुख — बोलावलं, दार लावलं आणि बसायला सांगितलं. त्या कोणाला बसायला सांगत नाहीत. पुढच्या डब्यातून मिळालेला टाचेच्या हाडाचा तुकडा. आधी दोनदा त्यातून काही निघालं नव्हतं, नव्या पद्धतीने डीएनए निघाला. आजोबांनी जाण्यापूर्वी दिलेला नमुना अजून ठेवलेला आहे, त्याच्याशी जुळला. आजोबांचा मुलगा.

"बाबा," मी म्हटलं.

"किंवा काका."

मी सांगितलं, काका शेवटच्या डब्यात अख्खे सापडले होते. चेहरा जळलेला, पण बाकी सगळं शाबूत, दोन्ही पायांत बूट. आई स्वतः शवागारात जाऊन पाहून आली होती, काकूचे दिवस भरत आले होते म्हणून. तेव्हा ही टाच बाबांचीच.

बाई म्हणाल्या, "गृहीतच धरायचं तर एवढं महागाचं यंत्र कशाला घेतलं? तुझा नमुना लागेल आणि तुझ्या चुलत बहिणीचा." त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

१२ मार्च

दोघींच्या गालाच्या आतून बोळा फिरवला. चिमीने विचारलं, दुखतं का? नाही म्हटलं. "मग तू का पांढरी पडलीस?"

येताना दफनभूमीत जाऊन जागा पाहून आले. सातवी रांग, भिंतीलगत, दुपारनंतर सावली. दगड काकूच्या दगडापेक्षा मोठा घ्यायचा. हे लिहायची लाज वाटते. खोडत नाही.

आईला सांगितलं की बाबा बहुधा सापडले. तिने गॅस बंद केला. "निकाल येऊ दे," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, रडेल.

१६ मार्च

टाच चिमीच्या वडिलांची.

पुन्हा लिहिते. टाच काकांची आहे. अख्ख्या सापडलेल्या माणसाला तिसरी टाच नसते. म्हणजे पाचव्या रांगेत काका नाहीत. त्या दिवसांत ओळख नुसती डोळ्यांनी पटवत होते — कोणा परक्याला पुरलंय.

आणि मग जे वाटलं ते असं : बरं झालं. आता काकूलाही कबर नाही. फिटंफाट.

हे समाधान बाईंच्या खोलीपासून जिन्यापर्यंत टिकलं.

खोलीतून निघताना बाई म्हणाल्या होत्या, "तू त्या दिवशी बुटांचं बोललीस ते मला आठवतंय. आधी घरी बोल. मग मला सांग, पुढे काय करायचं."

१७ मार्च

आईला घेऊन काकूकडे गेले. आईला वाटेत फक्त निकाल सांगितला. बाकीचं वाक्य मनात तयार होतं : काकू, तुमच्या कबरीत दुसरंच कोणी आहे.

टाचेचं ऐकून काकू आधी हसली. "हप्त्याहप्त्याने येतायत! जन्मात कधी वेळेवर घरी आले नाहीत." मग बराच वेळ डोळे पुसत बसली. मग थांबली.

"पण ताई, तुम्ही तर म्हणाला होतात, दोन्ही पायांत बूट होते."

मी तोंड उघडलं. आई आधी बोलली.

"बूट होते. बुटात काय होतं ते मी कुठे पाहिलं? गर्दी, वास, रडारड... अर्धंमुर्धं पाहिलं आणि बाहेर आले."

आई खोटं बोलत नाही. गायन कसं झालं असं पाळकसाहेबांनी विचारलं तरी ती खरं सांगते, म्हणून ते हल्ली विचारत नाहीत. आज ती काकूच्या डोळ्यांत बघून बोलली. मग माझ्याकडे वळली. "चहा निवतोय तुझा."

मी चहा प्यायले. वाक्य तसंच राहिलं.

१९ मार्च

स्मरणदिन. भोंगा वाजला तेव्हा आम्ही कबरीपाशीच होतो. डोक्याकडची माती उकरून लॅबने दिलेली टाचेची छोटी पेटी आत ठेवली. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा भाग वाचला, मंडळी गायली. काकू उजळून निघाली होती. माणूस एक, दफनं दोन — आणि आमच्याकडे एकही नाही! काकूच्याही आधी आईने माती टाकली. कोणाला खटकलं नाही. मला खटकलं.

परत येताना आईला स्पष्ट सांगितलं. तिथे कोणीतरी परका आहे. त्याची माणसं कुठेतरी वाट बघत असतील, माझ्यासारखीच. तू काकूसाठी खोटं बोललीस, ठीक. पण उद्या मी बाईंना सांगणार.

आई चालता चालता थांबली.

"परका नाही," म्हणाली.

आणि माझ्या पुढे घराकडे चालू लागली.

२० मार्च

सकाळी आईने सांगितलं. "बूट काढून पाय पाहिले. बायकोला पाय ओळखू येतात. तुझे बाबा होते. बाहेर ती जमिनीवर बसली होती, आठवा सरत आलेला, पाण्याचा घोट घेत नव्हती, देवाला नको नको ते बोलत होती. नोंद घेणाऱ्या साहेबांनी नाव विचारलं. मी दिराचं सांगितलं. माझा माणूस कुठे आहे हे प्रभूला ठाऊक होतं आणि मला. तिच्याकडे काहीच नव्हतं."

बाईंना काय सांगायचं ते तिने माझ्यावर सोडलंय.

चर्चच्या मंडळीत कळलं तर तिच्या त्यागावर प्रवचन होईल. व्हायलाच हवं. नवरा तिचा होता, तिने दिला. पण बाप माझा होता. मला विचारलं नाही.