बाहेरच्या खोलीतलं व्रत

अहो,

हे पत्र पोथीतच राहणार आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. काल शहरातल्या दवाखान्यातून फोनवर तुम्ही हसत म्हणालात, "अगं, डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे! पुढची कातडी कुणाची लांब, कुणाची आखूड, जन्मतःच तशी. न दुखता मागे सरकते, लघवीला अडत नाही, मग झालं!"

मग तुम्हीच सांगितलंत, लग्नाआधी कारखान्याच्या न्हाणीघरात मित्र म्हणाले होते, "शिंप्याने तुझी बाही लांब ठेवली रे." त्या एका चेष्टेपायी तुम्ही नऊ वर्षं बाहेरच्या खोलीत निजलात आणि मला सांगितलंत, ब्रह्मचर्याचं व्रत आहे.

लाज वाटते म्हणाला असतात, तर मी ती पदराखाली झाकली असती. तुम्ही देवाचं नाव पुढे केलंत. सासूबाई मला वांझ म्हणाल्या, तेव्हाही खाली मान घालून जेवत राहिलात.

आता म्हणता, "व्रत संपलं, रविवारी येतो." तुमचं संपलं असेल. मी मात्र तुमच्या सोबतीने देवापुढे हात जोडून खरंच व्रताचा शब्द दिला होता. तो कसा मोडायचा, तेवढं त्याच डॉक्टरांना विचारून या.

तुमची,
आतल्या खोलीतली