आईच्या हातचं दही

बाबा,

सुट्टी संपली, ऑफिसला जातेय. तुमचा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. वरण-भात कुकरमध्ये आहे. दही फ्रिजमध्ये आहे, मी लावलेलं. कालच्यासारखं ‘हे तिच्या हातचं नाही’ म्हणून परत ठेवू नका.

आपला प्रयोग आठवतोय ना? एकाच पातेल्यातलं दूध, एकच विरजण. चार वाट्या आईने लावल्या, चार मी, आणि नावं बुडाला चिकटवली. तुम्ही आठही बरोबर ओळखल्यात. चार-चार आहेत हे माहीत असलं तरी नुसत्या अंदाजाने हे सत्तर वेळांत एकदाच जमतं, म्हणून मी हार मानली. ‘हाताला गोडी असते, तुझ्या स्टॅटिस्टिक्सला काय कळणार’ हे तुम्ही अख्ख्या बाग सेवनिया वस्तीला सांगत फिरलात.

दवाखान्यात आईने मला खरं सांगितलं. माझी पाठ वळली की ती तिच्या वाट्यांत चिमूटभर साखर टाकत होती. रोजच्या दह्यातही टाकायची, लग्न झाल्यापासून. मी म्हटलं, निदान प्रयोगात तरी टाकायची नव्हतीस. तर म्हणाली, ‘अगं, ते हरले असते तर जेवले नसते.’

कालच्या दह्यात साखर नव्हती, आजच्यात आहे. विरजण तिने लावलेल्या शेवटच्या दह्यातलंच आहे.

जेवून घ्या. फक्त वाटी चाटूनपुसून संपवू नका. तळाशी चमचाभर राहू द्या, संध्याकाळी लावायला लागेल.

क्षितिजा