अहिंसा चकती

७ जून, शुक्रवार
कराडच्या शाळेत चकती खेळताना एका पोराच्या कपाळाला कौलाचा तुकडा लागला. तीन टाके. खेळ बंद. तिथले खेळाचे सर, लालासाहेब, माझ्या लेकाचे, अतिशयचे मित्र, जेवताना सांगत होते. म्हटलं, आवं सर, रिंगणातली चकती दुसरीनं मारून भाईर काढायची, एवढाच तर खेळ. त्याला कौल कशाला? कागदाची करा. लागलीच तर लागल्यासारखी वाटायची पण न्हाई. सर म्हणाले, मग आज्जी, तुमीच द्या करून, पंधरा ऑगस्टला सामने हाइत, दोनशे लागतील.
हो म्हटलं. मी चौथी पास, पण डोकं इंजिनियरचं हाय. नाव पण ठरवून टाकलं. अहिंसा चकती.

१० जून, सोमवार
रद्दी तीन दिवस भिजवली. मिक्सरला लावली. मिक्सर बंद पडला. कंपनीच हलकी. मग उखळात कुटली.
साचा: लोणच्याच्या बरणीचं झाकण. कडेनं बांगडी दाबून खाच पाडायची, बोट बसायला. वर गेरूचा तांबडा रंग.
कीर्ती म्हणाली, आत्ती, लगद्यात मेथीचं पीठ घाला, कीड लागत न्हाई. बी.कॉम. झालेली सून हाय, सगळ्यात बोलणार. आमची आई कागदाच्या टोपल्या करायची, तवा मेथीच घालायची. पण आई अडाणी होती. मेथीला कडू वास. मी गव्हाचं पीठ घातलं. चिकट कसं झालं म्हणून सांगू!

१९ जून, बुधवार
पहिल्या चाळीस पापडागत वाकल्या. ऊन बरोबर नव्हतं. पुढच्या पाट्याखाली दाबून सावलीत वाळवल्या. सपाट.
टेस्टिंग केलं. अंगणातनं फेकली ती थेट शेजारच्या सम्मेदच्या म्हशीला लागली. म्हशीनं रवंथ थांबवला न्हाई. अहिंसा पास.

२ जुलै, मंगळवार
यंदा मुनी महाराजांचा चातुर्मास आमच्या गावात. आम्ही आहाराला चौका लावणार, म्हणजे महाराजांसाठी शुद्धीचा स्वयंपाक. अकरा वर्षं, कुणी महाराज गावात आले की मी दारात कलश घेऊन उभी राहते. महाराज मनात काय विधी, म्हणजे कसली खूण, धरून निघतात ते त्यांनाच ठाऊक, तो जुळला तरच थांबतात. आमच्या दारात एकदा न्हाई. सम्मेदच्या दारात तीनदा. त्याची आई तवापासनं मान वर करून चालते. यंदा महाराज माझ्या हातनं घास घेणार. त्याशिवाय मी मरत न्हाई.
कीर्तीला नियम पाठ करवले. पावसाळ्यात दळलेलं पीठ तीन दिवस, पुढं त्यात जीव होतात. ती म्हणाली, मग आत्ती, चकत्यांतलं पीठ किती दिवसांचं झालं? म्हटलं, तो नियम खायच्या पिठाला. चकती काय खायची हाय?
दोनशे चकत्या तयार. खोकी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत. मधे दार हाय. नीट लागत न्हाई, पण हाय.

१३ जुलै, शनिवार
एका चकतीला भोक. सुईएवढं. बरं झालं. हवा आरपार जाईल, चकती लांब जाईल.

२० जुलै, शनिवार
भोकं सगळ्यांनाच. खोक्याखाली तांबडी पूड. दुपारी खोलीत बारीक कुरकुर ऐकली. मी वाकले, थांबली. उठले, परत सुरू.
अतिशय म्हणाला, आई, खोकी उन्हात टाक. म्हटलं, उन्हात? आत जीव असले तर मरतील की. म्हणाला, म्हणजे हाइत? म्हटलं, न्हाईत. पण असले तर?

२८ जुलै, रविवार
भिंतीवर किडे. ओळीनं. तोंड स्वयंपाकघराकडं. हे सम्मेदच्या कोठारातले. त्याला सांगून आले. तो म्हणतो, आक्काताई, कोठार दोन महिने रिकामं हाय. चातुर्मासात पण माणूस खोटं बोलतो.
मऊ कुंचल्यानं सुपात गोळा केले आणि बांधावर सोडून आले. एकशे बारा. एक पदरावर बसून माझ्याबरोबरच परत आला.
कीर्ती म्हणाली, खोकी तरी गोठ्यात न्या. म्हटलं, ओल लागंल, ऑर्डरचा माल हाय.

४ ऑगस्ट, रविवार
लालासाहेबांचा फोन. नमुन्याच्या दहा नेल्या होत्या. त्यातली एक हवेत फुटली, आतनं किडे पडले. पोरं खूश, जिवंत चकतीच पायजे म्हणतात. सर खूश न्हाईत. ऑर्डर रद्द. म्हणजे पोरांना डिझाइन पटलं. सरांना खेळातलं कळत न्हाई.
परवा आपली पाळी, असं मन सांगतंय. चौक्याचं पीठ ताजं दळलं. तीनदा चाळलं. तिन्ही वेळा चाळणीत काहीतरी हाललं. चौथ्यांदा चाळलं न्हाई. डोळे दमतात.

६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी सात
भिंती पुसल्या. छत बघितलं न्हाई, मान दुखते. कीर्ती म्हणाली, आत्ती, यंदा कलश नको धरूया, पुढच्या वर्षी बघू. म्हटलं, पुढच्या वर्षी तू मला धर आणि मी कलश धरते.

त्याच दिवशी, दुपारी
महाराज सम्मेदचं दार सोडून पुढं आले. आमच्या दारात थांबले. अकरा वर्षांनी.
आत आले. उभ्यानं ओंजळ पुढं केली. अतिशयनं पाणी दिलं. मी पहिला घास ठेवला. महाराज ओंजळीकडं बघत राहिले. मग हात उघडले. अंतराय, म्हणजे आहार तिथंच मोडला. आता उद्यापर्यंत अन्न न्हाई, पाणी पण न्हाई. त्यांना. माझ्यामुळं.
रागावले न्हाईत. मोरपिसांच्या पिंछीनं पुढची फरशी हळूच झाडायची, मग पाऊल टाकायचं, असं करत स्वयंपाकघरातनं उंबऱ्यापर्यंत गेले. लय वेळ लागला. फरशीवर तेवढे होते.
भाईर सगळी गल्ली उभी. सम्मेदची आई हसली न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं.

७ ऑगस्ट, बुधवार
माझा पण उपवास. कीर्तीनं खोकी उचलून गोठ्यात नेली.
किडा सम्मेदच्या कोठारातला असणार, असं लिहायला वही काढली. पण घास मीच ठेवला होता, जवळनं बघितलंय. ओंजळीत निवांत चालत होता.
पाठ तांबडी होती. गेरू.