मधला पिवळा कागद

२ जून
नोकरी लागली! हॉस्पिटलच्या जुन्या कागदांची खोली, खिडकीजवळची खुर्ची, डोक्यावर चालू पंखा. आणखी काय हवं? निघताना आईने बजावलं होतं, तिथे तरी बडबड कमी कर. पण इथे बडबडायला आहे कोण? मी, स्कॅनर आणि तीस वर्षं याच खोलीत काढलेल्या मावशी.

काम सोपं आहे. रुग्णांचे कागद गठ्ठ्याने स्कॅनरला द्यायचे. एका माणसाचे कुठे संपतात आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होतात, हे सॉफ्टवेअर आपलं आपण ओळखतं आणि वेगवेगळ्या फाइली करतं. मी त्याला कात्री म्हणते.

४ जून
मावशींनी प्रत्येक रुग्णाच्या कागदांआधी एक पिवळा कागद लावून ठेवलाय, वर हाताने नाव लिहून. कात्री असताना हा उपद्व्याप कशाला? शिवाय स्कॅनरमध्ये अडकतात मेले. मावशी आज रजेवर. मी पोतंभर पिवळे कागद काढून रद्दीवाल्याच्या हवाली केले. ओरडतील तर ओरडू देत.

गठ्ठ्यात चक्क आईचे कागद निघाले, डोळ्याच्या ऑपरेशनचे. पानं चारच, पण कात्रीने फाइल केली नऊ पानांची. पुढची पाच कुणा दुसऱ्याच बाईची. तिचं पहिलं पान गहाळ, त्यामुळे नाव कुठेच नाही. म्हणून दिली आईला चिकटवून! घरी सांगितलं तर आई पोट धरून हसली. दुरुस्त करीन सवडीने.

५ जून
आई आज डाव्या हाताने जेवली. म्हणाली, उजव्यात जोर नाही, बरेच दिवस झाले की. बरेच दिवस? कालच याच हाताने तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

६ जून
मावशी परत आल्या. ओरडल्या नाहीत, मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, पोरी, ज्यांचं पहिलं पान हरवलं त्यांची नावं फक्त त्या पिवळ्या कागदांवर होती. बिननावाचं माणूस गप्प पडून राहत नाही, शेजारच्याचं नाव धरतं.

मी फाइल उघडली. पाचवं पान: उजव्या हातात जोर नाही. सहावं पान: रुग्ण सारखी मुलाची चौकशी करते.

घरी आले तर आई दारातच उभी. मुलगा आला का, विचारत होती. तिला मी एकटीच आहे.

७ जून
सातवं पान: जवळच्यांना ओळखत नाही. सकाळी आईने मला विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडच्या?

रोज एक पान. नववं वाचलं. मृत्यू, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. म्हणजे परवा.

रद्दीवाल्याकडे धावत गेले. माल कारखान्यात गेला, लगदासुद्धा झाला असेल म्हणाला.

८ जून
कागद पुन्हा स्कॅन केले, मध्ये कोरा पिवळा कागद घालून. दोन फाइली झाल्या — दोन्हींवर आईचंच नाव. मावशी म्हणाल्या, कागदावर नाव लागतं. मी म्हटलं, मनाने काहीतरी लिहू? तर म्हणाल्या, मी एकदा तसंच लिहिलं होतं. त्या नावाची बाई निघाली याच शहरात. पुढे काय झालं ते सांगेनात.

आठवं पान: अन्नपाणी घेत नाही. आईने पाण्याचा घोटही —

९ जून
तीन वीस. आईजवळ शेजारीण बसलीय. आईला श्वास लागलाय, फोनवर म्हणाली.

कुणाचं नाव लिहू? जिचं लिहीन तीही कुणाची तरी आई, कुणाची तरी लेक. माझं मात्र — ते द्यायला कुणाची परवानगी नको.

लिहिलं. मावशी नको नको म्हणत होत्या. कात्रीने कापलं. आई, चार पानं. मी, पाच.

तीन पन्नास. शेजारणीचा फोन. आई उठून बसली. उजव्या हाताने पेला धरून पाणी प्यायली. माझी बडबडी कुठे गेली, विचारतेय. मी ढसाढसा रडले. आई, मी

चार. पेन गळून पडलं. डाव्या हाताने लिहितेय. कुणी बाई माझा हात धरून रडतेय — कोण आहे ही?

चार सात. भूक नाही. तहान नाही. दार वाजलं. माझा मुलगा आला अस—