तलवारबाजीचं प्रमाणपत्र

अहमदपूर
९ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझी भावजय म्हणते, आक्कांना आमची आठवण पोळ्याच्या बैलासारखी वर्षातून एकदाच येते.

फोन सोडून पत्र लिहितोय, याचं नवल वाटेल. पण हल्ली फोनवरचं बोलणं कुठं कुठं जातं, सांगता येत नाही. वाचून झालं की फाडून टाक.

तनूला बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळावेत म्हणून विभागीय तलवारबाजीचं प्रमाणपत्र मिळवलंय. तिनं तलवार कधी हातात धरलेली नाही, हे खरं. पण लातूरला क्लास लावला तेव्हा तिचा खो-खो मीच बंद केला. मग गुण कुठून आणायचे? आता पडताळणी निघालीय. तेवीस तारखेला मुलांना लातूरला समोर बोलावून खेळून दाखवायला सांगणार आहेत. तू नांदेडला शाळेत हेच शिकवतेस. दोन दिवस येऊन तिला उभं कसं राहायचं तेवढं दाखवून जा.

आणि रागावू नकोस, प्रशिक्षक म्हणून तुझंच नाव घातलंय. सही मीच केली. घरचं माणूस असताना परक्याला कशाला मध्ये घ्यायचं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दयानंद


नांदेड
१३ जानेवारी

चि. दयानंद यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलेलं नाही.

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही तूच ठोकायचास आणि मी गप्प बसायचे. चुकलंच माझं. काल आमच्या मुख्याध्यापकांकडे पडताळणीची यादी आली. माझं नाव वाचून ते म्हणाले, सुकन्याबाई, लातूरची मुलगी तयार केलीत आणि बोलला नाहीत! मी हसले. कशी हसले ते माझं मला ठाऊक. तेव्हापासून शिपाई वर्गाच्या दारात दिसला तरी शिकवता शिकवता थांबते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत रे माझ्या.

मी शिकवायला येणार नाही. अजून दहा दिवस आहेत, प्रमाणपत्र मागे घे. तनू खांबाला हात लावून वळायची तेव्हा बघणारे उभे राहायचे. ते तू बंद केलंस आणि आता हे आणलंस. तिला यातलं काय माहीत आहे, तेवढं उलट टपाली कळव.

आशीर्वाद आहेतच, पण मन शांत नाही.
आक्का


अहमदपूर
१७ जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न.

मागे घेता येत नाही. आणून देणारे गृहस्थ फोन उचलत नाहीत, घराला कुलूप आहे. काल मी वर्गावर असताना शाळेत दोघं माझी चौकशी करून गेले. सिद्रामप्पा शिपाई सांगत होता, सर, तुमचं गाव-घर इचारून ऱ्हायले व्हते, नाव न्हाई सांगितलं.

तनूला सगळं सांगितलं. ती मान हलवून वसतिगृहात गेली. पोर समजूतदार आहे.

तुला विचारलं तर फक्त हो म्हण. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. पाया पडतो.
दयानंद


लातूर
२३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

पडताळणीच्या कार्यालयात, जिन्याजवळच्या बाकावर बसून लिहितेय. जाताना टपालपेटीत टाकीन.

आत एका बाईंनी हातात तलवार दिली. मी धरली. चुकीची धरली असणार, कारण त्यांनी पुढचं काही करायलाच सांगितलं नाही. मग कागदावरची सही दाखवून विचारलं, याच तुझ्या प्रशिक्षक का? पप्पांनी हो म्हणायला शिकवलं होतं. हो म्हटलं असतं, तर तू यात कायमची अडकली असतीस. मी सांगितलं, सुकन्या माझी आत्या आहे, तिनं मला सुट्टीत फक्त खो-खो शिकवला, आणि ही सही तिची नाही.

मग कुणाची, असं त्यांनी विचारलं. त्यांनी कोरा कागद पुढं केला. मी पप्पांचं पूर्ण नाव लिहिलं, आत्या. शाळेच्या नावासकट. मला खूप भीती वाटतेय.

मला जायला सांगितलंय. पप्पांना अजून कुणी काही बोललेलं नाही. इथल्या खिडकीतून ते दिसतात. फाटकापाशी दोन्ही हातांत उसाच्या रसाचे पेले घेऊन उभे आहेत. मघाशी त्यांनी वर बघून मानेनंच विचारलं, झालं का? मी मान हलवली, तर ते हसले.

माझ्यावर जीव असू दे. पप्पांवरही.
तुझी तनू