बावीस डब्यांची वाटणी

प्रिय गबाळ्या,

दुसऱ्या कोणत्या नावाने सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून जुनंच ठेवलं आहे. परवा आईंचा फोन आला होता, म्हणजे तुझ्या. गुडघा बरा आहे म्हणाल्या. तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. कारखान्यात माझी बदली तपासणी विभागात झाली आहे. सर्किट बोर्ड बाहेर पडण्याआधी शेवटची सही आता माझी असते. मी अजून डिस्क विकत घेऊन गेम खेळते हे कळल्यापासून जेवणाच्या सुट्टीत सगळे मला आजीबाई म्हणतात. "अगं, डाउनलोड कर ना, जागचं उठायलाही लागत नाही," असं साहेबांनी सुद्धा सुनावलं. मी वाद घातला नाही. तो तुझ्याशी चार वर्षं घालून झाला आहे.

आपण वेगळे झालो तेव्हा डाउनलोड केलेले सगळे गेम तुझ्या खात्याबरोबर गेले. माझ्या वाट्याचे अर्धे त्या खात्यातून काढून देता येत नव्हते. तू द्यायला तयार होतास, हेही मला आठवतं. डिस्कचं तसं नव्हतं. बावीस डब्या जमिनीवर मांडल्या, एक तुला, एक मला, आणि दहा मिनिटांत काम संपलं. न भांडता वाटली गेलेली घरातली तेवढी एकच गोष्ट.

पण त्या वाटणीत एक चूक झाली, ती माझी आहे. कन्सोलमधली एक डिस्क काढून दुसरी घालताना पहिली त्या दुसरीच्याच डबीत कोंबायची, ही तुझी सवय मला पाठ होती. मी ओरडले की म्हणायचास, "अगं बाई, घरातच आहे ना? मग झालं तर!" दोनदा तपासल्याशिवाय मी एकही बोर्ड सोडत नाही, आणि त्या दिवशी एकही डबी उघडली नाही. गेल्या रविवारी उघडल्या. अकरापैकी तीन बरोबर. शर्यतीच्या डबीत शेती, शेतीच्या डबीत बुद्धिबळ. आपण दोघं मिळून खेळायचो त्या पूल बांधण्याच्या गेमची डबी रिकामी. ती डिस्क तुझ्या कन्सोलमध्येच राहिली असणार. तुझ्याकडेही असाच गोंधळ असेल. सात महिन्यांत तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. म्हणजे एकतर तू डब्या उघडल्या नाहीस, किंवा उघडून गप्प बसलास. यातलं कोणतं बरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

वकीलबाईंनी घटस्फोटाचे कागद पाठवले आहेत. तुझी सही झालेली आहे, ती पाहिली. माझी अठरा तारखेपर्यंत हवी आहे. माझ्या डिस्क तू कुरिअरने पाठवल्यास तर मी त्याच दिवशी सही करीन, काही विचारणार नाही. स्वतः घेऊन आलास तर करणार नाही. त्यापुढे काय, ते मलाही माहीत नाही. तू सामान उचललंस तेव्हा मी दार धरून उभी होते आणि थांब म्हणाले नाही. ते म्हणायला हे पत्र लिहिलं.

अजून तरी,
तुझीच